व्यासपीठावर दहा जण असले, की बघणारा काय बघतो?

२८ जून २०१९, शुक्रवार. आपल्याकडे सकाळचे साडेसहा वाजले होते आणि अमेरिकेत मायामीला गुरुवारच्या रात्रीचे नऊ. मी चहा घेऊन लॅपटॉपसमोर बसले होते, माझी मावशी न्यू जर्सीत एडिसनला तिच्या टीव्हीसमोर. डेमोक्रॅटिक पक्षाकडे राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागणारे दहा जण एका ओळीत उभे होते. आदल्या रात्री याच व्यासपीठावर आणखी दहा जण उभे राहून गेले होते. दोन रात्री, वीस माणसं आणि उमेदवारी एक.

डिबेट संपली आणि मावशीचा फोन आला. "अगं, कमला हॅरिसने काय सुनावलं बायडनला, बघितलंस ना?" मी विचारलं, मग तुझं मत तिलाच का? मावशी जरा थांबली. "मत लगेच कसं सांगू? मला आवडली ती. पण ओहायो-मिशिगनच्या लोकांना आवडेल का, ते बघायला हवं." मग मी तिला दहा जणांची नावं विचारली. तिला सहा आठवली. ही बाई तीसेक वर्षं तिथे राहते, नागरिक झाल्यापासून तिने एकही मतदान चुकवलेलं नाही, रोज सकाळी पेपर वाचल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. तिला सहाच आठवली, तर सगळा दिवस काम करून दमून टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला किती आठवतील?

तिच्या एवढ्याशा बोलण्यात मला बरंच काही दिसलं. बघणाऱ्याच्या लक्षात काय राहतं, आवडणं आणि मत देणं यांत किती अंतर असतं, हे सगळं त्यात होतं. दुसऱ्या दिवशीच्या "कोण जिंकलं?" छाप मथळ्यांत यातलं फारसं काही येत नाही, म्हणून ते इथे नीट मांडावंसं वाटतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. आपल्याकडे तिकीट कुणाला द्यायचं ते पक्षाचे वरिष्ठ नेते ठरवतात. शेवटच्या रात्री एबी फॉर्म ज्याच्या हातात पडला, तो उमेदवार. अमेरिकेत हा निर्णय पक्षाच्या सामान्य मतदारांकडे आहे. खऱ्या निवडणुकीआधी काही महिने प्रत्येक राज्यात पक्षाची आतली निवडणूक होते, तिला प्रायमरी म्हणतात. काही राज्यांत तिच्याऐवजी कॉकस असतो, म्हणजे मतदार एका ठिकाणी जमून आपला कल नोंदवतात. हे सगळं एका दिवशी होत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत दोन-चार लहान राज्यांपासून सुरुवात होते आणि शेवटची राज्यं जूनपर्यंत रेंगाळतात. या तारखांचं महत्त्व पुढे येईलच.

प्रायमरीच्या डिबेटमध्ये समोरासमोर उभी असलेली माणसं एकाच पक्षाची असतात. खऱ्या निवडणुकीच्या डिबेटमध्ये बहुतेक प्रेक्षक आधीच ठरवून बसलेले असतात. आपल्या पक्षाचा तो चांगला बोलला, दुसऱ्याचा तो वाईट बोलला, एवढंच ते म्हणतात. प्रायमरीत पक्षाची ही खूण कामाला येत नाही. दहाही जणांच्या छातीवर एकच बिल्ला. त्यामुळे प्रेक्षकाचं मन मोकळं असतं आणि एका रात्रीत हलूही शकतं. पण दहा जणांतून निवडायचं कशाच्या आधारावर, हा प्रश्न त्याला एकट्यालाच सोडवावा लागतो.

मायामीत दुसऱ्या रात्री सूत्रसंचालकांनी विचारलं की, तुमच्या आरोग्य योजनेत कागदपत्रांशिवाय देशात राहणाऱ्या स्थलांतरितांनाही उपचार मिळतील का, हात वर करा. दहाच्या दहा हात वर गेले. घरी बसलेल्या माणसाला यातून एकाला दुसऱ्यापासून वेगळं काढता येईना. खासगी आरोग्य विमा बंद करणार का, या प्रश्नावर पहिल्या रात्री एलिझाबेथ वॉरन आणि बिल डी ब्लासिओ यांनी हात वर केला, दुसऱ्या रात्री बर्नी सँडर्स आणि कमला हॅरिस यांनी. हॅरिस यांनी मग सांगितलं की, प्रश्न आपण वेगळा समजलो होतो. ज्या विषयावर अमेरिकेत अनेक वर्षं वाद चालू आहे, त्याचं उत्तर हात वर किंवा खाली असं मागायचं, आणि तोही हात गैरसमजातून वर गेलेला असू शकतो. मला हा प्रकार फार चुकीचा वाटतो. पण दहा जणांना दोन तासांत बसवायचं ठरवलं, की असल्या प्रश्नांकडेच गाडी वळते.

वेळेचा हिशोब मांडून बघा. दोन तास म्हणजे १२० मिनिटं. त्यातून जाहिराती वजा, पाच सूत्रसंचालकांचं बोलणं वजा. उत्तराला एक मिनिट आणि प्रत्युत्तराला तीस सेकंद असा नियम. सारखी वाटणी केली असती, तरी माणशी दहा मिनिटंसुद्धा आली नसती. आणि सारखी वाटणी कधी होतच नाही. त्या रात्री जो बायडन तेरा मिनिटांहून जास्त बोलले आणि अँड्र्यू यँग यांच्या वाट्याला जेमतेम तीन मिनिटं आली. आदल्या रात्री कोरी बुकर यांना अकराच्या आसपास मिळाली, तर वॉशिंग्टन राज्याचे गव्हर्नर जे इन्स्ली यांना साधारण पाच. सूत्रसंचालक जनमत चाचण्यांत पुढे असलेल्यांकडे जास्त वळतात हे एक कारण. दुसरं कारण मोठं आहे: कुणी तुमचं नाव घेऊन टीका केली, तर तुम्हाला उत्तराला वेळ मिळतो. म्हणजे भांडणात उतरलेल्या दोघांनाही वेळ मिळतो आणि शांतपणे आपली पाळी यायची वाट बघणारा कोरडा राहतो. त्या रात्री एका क्षणी चार-पाच जण एकदम बोलायला लागले, कुणाचंच काही ऐकू येईना. तेव्हा हॅरिस म्हणाल्या की, अमेरिकेला आमची जेवणाच्या टेबलावरची फेकाफेक बघायची नाही, त्यांच्या ताटात जेवण कसं येणार ते ऐकायचंय. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. गोंधळावर बोललेलं ते वाक्य त्या गोंधळातून वर आलं.

या वीस जणांच्या यादीत शिरायलाही अट होती. निदान तीन मान्य चाचण्यांत १ टक्का पाठिंबा दाखवा, किंवा ६५,००० वेगवेगळ्या देणगीदारांचा पाठिंबा दाखवा, आणि त्यात किमान वीस राज्यांतून प्रत्येकी दोनशे देणगीदार हवेत. सप्टेंबरच्या डिबेटसाठी दोन्ही अटी एकत्र लावल्या आणि त्याही दुप्पट करून: १,३०,००० देणगीदार आणि चार चाचण्यांत २ टक्के. म्हणजे डिबेटमधली प्रेक्षकाची प्रतिक्रिया ही पुढच्या डिबेटची प्रवेशपत्रिका होती. एक डॉलर पाठवणारा माणूसही मोजला जात होता. म्हणून मागच्या रांगेतल्या उमेदवाराला सगळ्यांना पटेल असं बोलून भागत नव्हतं. काही हजार लोक फोन उचलून लगेच पैसे पाठवतील, असं काहीतरी त्याला बोलावं लागत होतं. व्यासपीठावर ज्या गोष्टी आपल्याला नाटकी वाटतात, त्यांतल्या कितीतरींच्या मुळाशी हा आकडा असतो.

आता हॅरिस आणि बायडन यांचा प्रसंग. तो समजायला 'बसिंग' म्हणजे काय ते माहीत हवं. काळ्या आणि गोऱ्या वस्त्या वेगळ्या, म्हणून शाळाही वेगळ्या; ही फाळणी मोडायला मुलांना बसने दुसऱ्या भागातल्या शाळांत पाठवायचं, अशी ती योजना. १९७०च्या दशकात डेलावेअरचे तरुण सिनेटर बायडन यांनी केंद्राच्या सक्तीने होणाऱ्या बसिंगला विरोध केला होता. हॅरिस कॅलिफोर्नियात बर्कलीला वाढल्या, आई श्यामला गोपालन तमिळ, वडील जमैकाचे. त्या बायडन यांच्याकडे वळून म्हणाल्या की, कॅलिफोर्नियात एक छोटी मुलगी होती, शाळा एकत्र करणाऱ्या दुसऱ्याच तुकडीत ती होती, रोज बसने शाळेत जायची, आणि ती छोटी मुलगी मी होते. दोघांच्या मधे सँडर्स उभे होते. कॅमेरा त्यांच्यावरून इकडून तिकडे जात होता. बायडन यांनी स्वतःचा बचाव सुरू केला आणि मधेच थांबून म्हणाले, माझी वेळ संपली, माफ करा. शहात्तर वर्षांच्या माणसाच्या तोंडून आलेलं हे वाक्य ऐकताना मला कसंसंच झालं. मावशीलाही तेच जाणवलं होतं.

लोकांची प्रतिक्रिया लगेच आकड्यांत दिसली. चोवीस तासांत हॅरिस यांच्या प्रचाराला २० लाख डॉलर मिळाले. लहानपणीच्या फोटोचे टी-शर्ट विकायला आले. क्विनिपियाक विद्यापीठाच्या जूनच्या चाचणीत बायडन ३० आणि हॅरिस ७ टक्क्यांवर होत्या. डिबेटनंतर, २ जुलैला आलेल्या चाचणीत बायडन २२ आणि हॅरिस २०. पाच आठवड्यांनी त्याच विद्यापीठाची आणखी एक चाचणी आली: बायडन ३२, हॅरिस ७. जिथून निघाल्या होत्या, बरोबर तिथेच. ३ डिसेंबरला, एकही मत पडायच्या आधी, त्यांनी माघार घेतली.

हे असं का झालं, याची उत्तरं बरीच दिली गेली. डेट्रॉइटला ३१ जुलैच्या डिबेटमध्ये तुलसी गॅबार्ड यांनी हॅरिस यांच्या सरकारी वकील म्हणून केलेल्या कामावर जोरदार टीका केली, हे खरं. आज सक्तीचं बसिंग हवं का, असं विचारल्यावर हॅरिस यांचं उत्तर बायडन यांच्यापासून फार लांब नव्हतं, हेही खरं. पण माझ्या मते मुख्य कारण मावशीच्या फोनमध्ये होतं: मला आवडली. चाचणीवाल्याचा फोन डिबेटच्या आठवड्यात येतो आणि तो विचारतो, आज मतदान असतं तर कुणाला मत दिलं असतं? मत सात महिन्यांवर आहे, मनात काही पक्कं नाही, वीस नावांपैकी एक नाव ताजं आहे. माणूस ते ताजं नाव सांगतो. तो खोटं बोलत नसतो. त्या दिवशी त्याला ते खरंच वाटतं. पण त्या उत्तराची मुळं खोल गेलेली नसतात.

बायडन यांच्या पाठिंब्याची मुळं खोल होती. साउथ कॅरोलायनातले वयस्क काळे मतदार त्यांना बराक ओबामांचे उपाध्यक्ष म्हणून आठ वर्षं बघत होते. २९ फेब्रुवारी २०२०ला तिथल्या प्रायमरीत बायडन ४८ टक्क्यांहून जास्त मतं घेऊन जिंकले आणि निवडणुकीचं चित्र पालटलं. त्या मतदारांनीही मायामीची रात्र बघितली असेल, हॅरिस यांचं कौतुक केलं असेल. पण आठ वर्षांच्या ओळखीसमोर एका रात्रीचं वजन किती पडणार?

ओहायोवाल्यांना आवडेल का, या मावशीच्या प्रश्नाकडे आता वळते. २०१९मध्ये डेमोक्रॅटिक मतदारांना चाचण्यांत विचारलं जायचं, तुमच्या मतांशी जुळणारा उमेदवार हवा की ट्रम्प यांना हरवू शकेल असा? बहुतेक जण दुसरा पर्याय निवडायचे. यामुळे डिबेट बघायची तऱ्हाच बदलते. माणूस स्वतःला पटलं का, हे विचारत नाही. ओहायो-मिशिगनसारख्या दूरच्या, चुरशीच्या राज्यातल्या, कधीही न भेटलेल्या मतदाराला पटेल का, हे विचारतो. आणि त्या मतदाराबद्दल त्याला माहिती कुठून मिळते? टीव्हीवरच्या चर्चांतून. म्हणजे त्याची स्वतःची प्रतिक्रियासुद्धा इतरांच्या प्रतिक्रियेच्या अंदाजावर उभी असते. बाई उमेदवार, काळी उमेदवार, समलिंगी उमेदवार यांना याचा सगळ्यात जास्त फटका बसतो. "मला चालेल, पण लोकांना चालणार नाही," असं लाखो लोक एकाच वेळी म्हणत असले, तर चालणारी माणसं पुरेशी आहेत की नाहीत, हे कधी कळतच नाही. मावशीशी या एका गोष्टीवरून माझा तेव्हा बराच वाद झाला. ती म्हणायची, तुला इथे राहायचं नाहीये, म्हणून तुला सोपं आहे. तिचं म्हणणं मला खोडता आलं नाही.

प्रतिक्रिया इतरांच्या बोलण्याने किती बदलते, याचं सर्वांत चांगलं उदाहरण प्रायमरीचं नाही, १९७६च्या मुख्य निवडणुकीचं आहे. ६ ऑक्टोबरला जेराल्ड फोर्ड आणि जिमी कार्टर यांची डिबेट झाली. तीत राष्ट्राध्यक्ष फोर्ड म्हणाले की, पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही. ते उघडच चुकीचं होतं. तरीही त्याच रात्री ज्यांना फोन करून विचारलं, त्यांच्यात फोर्ड पुढे होते आणि ते वाक्य जवळजवळ कुणाच्या बोलण्यात आलं नाही. दुसऱ्या दिवशी पेपरांनी आणि टीव्हीने ते वाक्य उचलून धरलं. त्या संध्याकाळपर्यंत विचारलेल्या लोकांत कार्टर कितीतरी पुढे गेले होते. डिबेट तीच होती, आणि ऐकणारेही तिथलेच मतदार. त्या चोवीस तासांत भर पडली ती ती चूक होती असं सांगणाऱ्यांची.

ब्रिटनमध्ये २०१०च्या निवडणुकीच्या वेळी एक प्रयोग झाला. डिबेट चालू असताना पडद्याच्या खाली एक रेषा वरखाली होते. काही निवडक मतदार हातातल्या डायलवर पसंती-नापसंती नोंदवतात, त्यावरून ती काढतात. संशोधकांनी प्रेक्षकांना दाखवलेली रेषा मुद्दाम बनावट होती. एका गटाला तेव्हाचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांच्या बाजूने झुकलेली रेषा दाखवली, दुसऱ्या गटाला लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे नेते निक क्लेग यांच्या बाजूने. कोण जिंकलं, याबद्दलची मतं त्या रेषेमागून गेली. लोक स्वतःच्या डोळ्यांनी डिबेट बघत होते, स्वतःच्या कानांनी ऐकत होते, तरीही.

सभागृहातल्या टाळ्यांचंही तसंच. जानेवारी २०१२मध्ये रिपब्लिकन पक्षाची प्रायमरी चालू होती. १९ तारखेला चार्ल्सटनच्या डिबेटमध्ये न्यूट गिंगरिच यांना त्यांच्या आधीच्या पत्नीने केलेल्या आरोपांबद्दल पहिलाच प्रश्न आला. ते प्रश्न विचारणाऱ्यावर आणि सगळ्या माध्यमांवर तुटून पडले. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. दोन दिवसांनी साउथ कॅरोलायनाची प्रायमरी त्यांनी ४० टक्के मतं घेऊन जिंकली, मिट रॉम्नी २८वर राहिले. २३ तारखेला फ्लोरिडात टॅम्पाला पुढची डिबेट झाली. तिथे सूत्रसंचालकांनी प्रेक्षकांना टाळ्या न वाजवण्याची विनंती केली. तेच गिंगरिच त्या शांततेत फिके वाटले, आणि अशा डिबेटना आपण येणार नाही असं त्यांनी दुसऱ्या दिवशी बोलूनही दाखवलं. टाळ्या आपल्यासाठी काय करतात हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. घरी बसलेल्या माणसाला वाटतं की आपण उमेदवाराचं उत्तर जोखतोय. प्रत्यक्षात उत्तराच्या जोडीला शेकडो अनोळखी माणसांचा कौलही त्याच्या कानात पडत असतो.

आणि घरी बसून पूर्ण डिबेट बघणारे तरी किती? मायामीची दुसरी रात्र १ कोटी ८१ लाख लोकांनी टीव्हीवर बघितली, पहिली १ कोटी ५३ लाखांनी. हे आकडे मोठे आहेत. पण बाकीच्या कोट्यवधी मतदारांपर्यंत पोचली ती क्लिप: एक मिनिटाची, नाहीतर तीस सेकंदांची. पहिल्या रात्री बेटो ओरूर्क एकदम स्पॅनिशमध्ये बोलायला लागले, तेव्हा त्याच रांगेतून बुकर यांनी टाकलेली नजर जगभर मीम होऊन फिरली. आरोग्य, हवामान, बंदुका यांवर त्या रात्री काय बोललं गेलं, ते त्या नजरेइतकं पोचलं नाही. पहिल्या रात्रीनंतर गूगलवर सर्वांत जास्त शोध झाला तुलसी गॅबार्ड यांच्या नावाचा. काही बातम्यांनी तो पाठिंबा समजून छापला. ही बाई कोण, असं विचारणं म्हणजे तिला मत देणं नव्हे. त्यांचा पाठिंबा पुढे कायम मोजक्या टक्क्यांतच राहिला.

गर्दीच्या डिबेटमधली आणखी एक गोष्ट समजायला जड जाते, पण तिच्याशिवाय चित्र पुरं होत नाही. ती म्हणजे थोड्या मतांची ताकद. ६ ऑगस्ट २०१५ला क्लीव्हलंडला रिपब्लिकन पक्षाची पहिली डिबेट झाली. उमेदवार सतरा होते. राष्ट्रीय चाचण्यांच्या सरासरीत वरचे दहा मुख्य व्यासपीठावर आले. उरलेल्या सात जणांना संध्याकाळी पाच वाजता, जवळजवळ रिकाम्या सभागृहात बोलावं लागलं. (त्या सातांतल्या कार्ली फिओरिना इतक्या उठून दिसल्या की पुढच्या महिन्यात त्या मुख्य व्यासपीठावर पोचल्या.) मुख्य डिबेट २ कोटी ४० लाख लोकांनी बघितली. पक्षाच्या अंतिम उमेदवाराला पाठिंबा देणार नाही असं कोण म्हणतं, हात वर करा, असा पहिलाच प्रश्न होता. एकच हात वर गेला, डोनाल्ड ट्रम्प यांचा. सभागृहाने हुर्यो उडवली. डिबेटनंतर टीव्हीवर बोलावलेल्या मतदारांच्या गटाने त्यांच्यावर टीका केली. अनेक जाणकारांनी त्यांचा निकाल लावून टाकला. पण चाचण्यांत ते पुढेच राहिले.

जाणकारांचं काय चुकलं? त्यांनी नाराज लोक मोजले. दोघांच्या लढतीत सभागृहातले अर्धे लोक चिडले, तर तुमचं कठीण आहे. सतरा जणांच्या लढतीत तीन-चतुर्थांश लोक चिडले तरी चालतं, उरलेला पाव भाग घट्ट तुमच्याबरोबर असला की झालं. चिडलेले बाकी सोळा जणांत वाटले जातात. पुढच्या फेब्रुवारीत साउथ कॅरोलायनात ट्रम्प यांना ३२.५ टक्के मतं पडली, आणि तिथल्या नियमांमुळे राज्याचे सगळे, म्हणजे ५० प्रतिनिधी (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवण्यासाठी मत देणारे) त्यांना मिळाले. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२मध्ये मिशिगनमधून अमेरिकी संसदेत गेले, तेव्हा डेट्रॉइट भागातल्या त्यांच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत नऊ उमेदवार होते. ते साधारण २८ टक्के मतांवर जिंकले. तो मतदारसंघ डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला, त्यामुळे खरी निवडणूक ती प्रायमरीच होती. म्हणून गर्दीच्या डिबेटनंतर "बहुतेक प्रेक्षकांना अमुक आवडला नाही" अशी बातमी आली, तर त्यावरून फारसं काही कळत नाही. आवडणारे किती आणि ते किती पक्के, एवढं कळलं तर उपयोग.

दुसऱ्यावर तुटून पडणाऱ्याला काय मिळतं, तेही बघण्यासारखं आहे. ६ फेब्रुवारी २०१६ला न्यू हॅम्पशरच्या डिबेटमध्ये ख्रिस ख्रिस्ती यांनी मार्को रुबिओ यांना गाठलं: हे बघा, हा पाठ केलेलं पंचवीस सेकंदांचं भाषण म्हणून दाखवतो. त्यावर रुबिओ यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, आणि परत एकदा म्हटलं. बघणाऱ्याला अक्षरशः अवघडून यावं असं ते होतं. तीन दिवसांनी मतदान झालं. त्याआधी आयोवाच्या कॉकसमध्ये तिसरे आलेले रुबिओ इथे पाचवे आले. आणि ख्रिस्ती? सहावे. दुसऱ्या दिवशी तेच शर्यतीतून बाहेर पडले. दुसऱ्या क्रमांकाची मतं मिळाली जॉन केसिक यांना, जे त्या भांडणात नव्हतेच. दोघांच्या लढतीत एकाचं नुकसान म्हणजे दुसऱ्याचा फायदा. दहांच्या गर्दीत मारणाऱ्याचा धाक वाटतो, मार खाणारा मनातून उतरतो, आणि मत जातं तिसऱ्याकडे.

१९ फेब्रुवारी २०२०ला लास वेगासला एलिझाबेथ वॉरन यांनी उद्योगपती मायकेल ब्लूमबर्ग यांना असंच धारेवर धरलं. तुमच्या कंपनीतल्या बायकांनी केलेल्या तक्रारी मिटवताना त्यांच्याकडून लिहून घेतलेले गुप्ततेचे करार तुम्ही रद्द करणार का, असं त्या पुन्हापुन्हा विचारत राहिल्या. १ कोटी ९७ लाख लोकांनी ते बघितलं. डेमोक्रॅटिक पक्षाची इतकी बघितलेली प्रायमरी डिबेट आजवर झाली नव्हती. मी बघितलेल्या डिबेटमधली मला तीच सर्वांत दमदार वाटते. नेव्हाडाचा कॉकस त्यानंतर तीनच दिवसांनी होता. पण तिथे आगाऊ मतदानाची सोय होती आणि ते १८ तारखेला, म्हणजे डिबेटच्या आदल्या दिवशीच संपलं होतं. जवळपास ७५,००० लोक मत देऊन मोकळे झाले होते. त्यांनी ती डिबेट बघून काहीही म्हटलं असतं, तरी मत बदलता येणार नव्हतं. वॉरन नेव्हाडात चौथ्या आल्या. ४ मार्चला ब्लूमबर्ग बाहेर पडले आणि ५ मार्चला वॉरन.

एखादा उमेदवार सगळ्यांच्या ओळखीचा असेल, तर त्याला या गर्दीत उभं राहायची गरजही वाटत नाही. २३ ऑगस्ट २०२३ला मिलवॉकीत रिपब्लिकन पक्षाचे आठ जण आले, विवेक रामस्वामी आणि निकी हेली यांची खडाजंगी गाजली, १ कोटी २८ लाख लोकांनी ती बघितली. ट्रम्प आले नाहीत. त्या पर्वातल्या एकाही प्रायमरी डिबेटला ते आले नाहीत आणि उमेदवारी त्यांनाच मिळाली. त्या रात्री कोण जिंकलं याची चर्चा दुसऱ्या क्रमांकासाठी होती.

मग डिबेटनंतरची चाचणी बघायचीच नाही का? बघायची, पण कशी ते मी हळूहळू शिकले. कुणीही येऊन बटण दाबावं अशी चाचणी असेल, तर ती मी सोडून देते. तिथे उत्साही समर्थकांची संख्या कळते, बाकी काही नाही. त्याच माणसांना डिबेटच्या आधी आणि नंतर विचारलंय का, हे शोधते, कारण तसं असेल तर बदल खरा असतो. "कोण चांगलं बोललं" आणि "मत कुणाला" हे दोन आकडे वेगळे ठेवते. आणि निदान दोन-तीन आठवडे थांबते. हॅरिस यांची २० टक्क्यांची चाचणी आली, त्या दिवशी मी मावशीला घाईघाईने फोन केला होता. ती म्हणाली, ऑगस्टमध्ये बोलू.

न्यू जर्सीची प्रायमरी २ जून २०२०ला होती. कोविडमुळे ती ७ जुलैवर गेली आणि मतपत्रिका टपालाने घरी आल्या. मायामीची ती रात्र होऊन तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. वीसांपैकी एरिक स्वालवेल तर डिबेटनंतर दोन आठवड्यांच्या आतच बाहेर पडले होते; बाकीचे एकेक करून गेले. एप्रिलमध्ये सँडर्सही थांबले होते, फक्त त्यांचं नाव छापलेलं राहिलं होतं. मावशीने स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाकीट उघडलं आणि मला व्हिडिओ कॉलवर मतपत्रिका दाखवली. त्या दोन रात्रींमधली दोनच नावं तिच्यावर उरली होती, बायडन आणि सँडर्स. मायामीला दुसऱ्या रात्री बरोबर मधोमध शेजारी शेजारी उभे होते, ते हेच दोघं. "हॅरिस कुठे गेली गं?" असं ती स्वतःशीच म्हणाली, आणि पेन शोधायला उठली.